विषाचा हिशेब कोणी मांडायचा?



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : सायन्स की कॉमर्स? मधे जणू मोठी नदी आहे आणि होडी एकदाच सुटणार आहे, अशा थाटात तो विचारतात. एका काठावर प्रयोगशाळा, दुसऱ्या काठावर खातेवही. दोन्हीकडे पाय ठेवू म्हणणाऱ्याला आपल्याकडे 'दोन डगरींवर पाय ठेवू नकोस' असा दम मिळतो. हा दम पुष्कळदा योग्यही असतो. पण काही कामे अशी आहेत की ती दोन डगरींवर पाय ठेवूनच करावी लागतात, आणि ती करणारी माणसे फार थोडी आहेत. अशाच एका कामाबद्दल आज मला तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी बोलायचे आहे. पदवीनंतर पर्यावरणीय विषविज्ञान आणि व्यवसाय व्यवस्थापन हे दोन्ही विषय एकाच व्यक्तीने शिकावेत, असे माझे मत आहे.

विषविज्ञान म्हटल्यावर साप आणि विंचू डोळ्यांपुढे येतात. तोही त्याचा एक भाग आहे. पण पर्यावरणीय विषविज्ञानाचा मुख्य प्रश्न निराळा आहे. हवा, पाणी, माती आणि अन्न यांतून एखादा पदार्थ आपल्या शरीरात किती जातो, कोठे साठतो, किती दिवस राहतो आणि काय बिघडवतो, हे मोजणे हे त्याचे काम. व्यवस्थापन म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहेच : माल, माणसे, पैसा आणि जोखीम यांचा मेळ घालणे. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध असा की कारखान्याच्या नळीतून किंवा धुराड्यातून बाहेर पडणारे पुष्कळसे विष हे अपघाताने बाहेर पडत नाही. ते अडवण्याचा खर्च परवडत नाही असे कोठेतरी, एका टेबलाभोवती बसून, कागदावर आकडे मांडून ठरलेले असते. त्या टेबलाशी विष मोजता येणारा माणूस सहसा नसतो. आणि ज्याला विष मोजता येते त्याला त्या कागदावरचे आकडे वाचता येत नाहीत.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पेट्रोलमधले शिसे. ते अमेरिकेत सुरू झाले आणि जगभर पसरले.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि मग ठिणगीने पेटवले जाते. मिश्रण फार दाबले तर ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप पेट घेतो. दाबाच्या लाटा उसळतात आणि इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. याने इंजिनाची शक्ती वाया जाते आणि यंत्रही खिळखिळे होते. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली या अभियंत्याला यावर एक उपाय सापडला. टेट्राएथिल लेड हा शिशाचा एक द्रव संयुग पेट्रोलमध्ये किंचित, म्हणजे गॅलनला दोन-तीन घनसेंटिमीटर इतकाच मिसळला की ठोके थांबतात.

आता गंमत पाहा. ठोके थांबवण्याचा दुसरा उपाय याच मंडळींना ठाऊक होता. तो म्हणजे अल्कोहोल. परंतु अल्कोहोल बरेच जास्त मिसळावे लागते आणि मुख्य म्हणजे ते कोणीही गाळू शकतो, त्याचे पेटंट मिळत नाही. टेट्राएथिल लेडचे पेटंट मिळत होते. कंपनीने शिसे निवडले. (आज आपल्या पेट्रोल पंपांवर इथेनॉल, म्हणजे तेच अल्कोहोल, मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यातले बरेचसे उसापासून तयार होते. म्हणजे शंभर वर्षांनी कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांना ते काम मिळाले म्हणायचे!) फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली.

शिसे विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हते काय? चांगले माहीत होते. रोमन काळापासून माहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेल कारखान्यात हे संयुग हाताळणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. त्यांतील पाच जण दगावले आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. मिजलीने वार्ताहरांपुढे तो द्रव हातांवर ओतून घेऊन दाखवला, त्याचा वास घेऊन दाखवला. स्वतः तो त्याआधी शिशाच्या विषबाधेनेच आजारी पडला होता. मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या औद्योगिक आजारांच्या मोठ्या अभ्यासक होत्या. त्यांनी विरोध केला. पण पुढे नेमलेल्या समितीने थोड्या महिन्यांची पाहणी करून जानेवारी १९२६ मध्ये सांगितले की बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही. दीर्घकाळ अभ्यास चालू ठेवावा, असेही तिने सुचवले होते. तो अभ्यास पुढची चाळीस वर्षे बहुतांशी कंपन्यांच्याच पैशावर झाला.

येथे डॉ. रॉबर्ट किहो या गृहस्थांची ओळख करून घेतलीच पाहिजे. सिनसिनाटी विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेला शिशाचे संयुग बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांकडून पैसा येई. किहो काही भोंदू नव्हते. मोजमापात ते वाकबगार होते आणि कारखान्यांतील कामगारांची काळजी घेण्याच्या पद्धती त्यांनी सुधारल्या. त्यांनी शिशाशी वरवर काहीच संबंध नसलेल्या माणसांची तपासणी केली. त्यांच्याही शरीरात शिसे आढळले. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिक आहे; जेवढे आत येते तेवढे बाहेर जाते; एका ठरावीक उंबरठ्याखाली काही धोका नाही. ज्याला धोका वाटतो त्याने तो सिद्ध करून दाखवावा, असे ते म्हणत. ऐकायला हे किती शास्त्रीय वाटते! पण त्यातली खोच अशी की, सिद्ध करायला लागणारी साधने, पैसा आणि आकडे बहुतेक त्यांच्याच हाती होते.

ही कोंडी फोडली ती एका निराळ्याच दिशेने आलेल्या माणसाने. त्याची हकीकत सांगताना मला, भौतिकशास्त्राचा माणूस म्हणून, जरा जास्तच आनंद होतो. क्लेअर पॅटर्सन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय काढत होता. युरेनियमचे विघटन होत होत शेवटी शिसे उरते. म्हणून उल्केतील शिशाची समस्थानिके मोजली तर वय काढता येते. पण त्याचे आकडे जुळेनात, कारण प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसेच शिसे होते. धुळीत, भांड्यांत, रसायनांत, माणसांच्या केसांतसुद्धा! त्याने अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा आजही टिकून आहे. पण आड येणारे हे शिसे आले कोठून, हा प्रश्न त्याने सोडला नाही. समुद्राचे पाणी आणि ग्रीनलंडचे जुने बर्फ तपासून त्याने दाखवले की हे शिसे माणसाने पसरवलेले आहे. १९६५ साली त्याने लिहिले की सामान्य अमेरिकन माणसाच्या अंगातील शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. किहोंनी ज्याला 'नैसर्गिक' म्हटले होते ते फक्त 'नेहमीचे' होते. हे दोन शब्द तुमच्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. पुढे कामास येतील.

मग १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्समधील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्मे होते. पण हाडांत आणि दातांत ते वर्षानुवर्षे राहते. म्हणजे दात ही बालपणाची नोंदवहीच. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणी आणि वर्गातले लक्ष कमी, असे आढळले. ही मुले आजारी दिसत नव्हती, रोज शाळेत येत होती.

येथपर्यंत आपण विषविज्ञानाच्या काठावर आहोत. तुम्हांला वाटेल की एवढा पुरावा आल्यावर शिसे पेट्रोलमधून लगेच गेले असेल. तसे झाले नाही. १९७५ पासून अमेरिकेत नव्या मोटारींसाठी शिसे नसलेले पेट्रोल आवश्यक झाले खरे. पण त्याचे एक मोठे कारण असे की धूर स्वच्छ करण्यासाठी मोटारींना जो नवा उत्प्रेरक बसवला होता तो शिशाने निकामी होत असे. मुलांच्या मेंदूआधी उत्प्रेरकाची काळजी घेतली गेली असे मी म्हटले तर ते थोडे कडवट होईल, पण फार चूक होणार नाही. जुन्या मोटारी शिसेयुक्त पेट्रोलच घेत राहिल्या. १९८२ साली तर तेल शुद्धीकरण कारखान्यांवरचा बोजा कमी करावा म्हणून शिशावरचे निर्बंध सैल करण्याचा विचार सरकारदरबारी चालू होता.

नेमक्या या वेळी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यातील काही अभ्यासकांनी एक काम केले. त्यांपैकी जोएल श्वॉर्ट्झ हे सैद्धान्तिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले होते. (माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.) १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत हजारो लोकांच्या रक्ताची तपासणी झालेली होती. त्या चार वर्षांत रक्तातील शिशाची सरासरी दर डेसिलिटरला १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२ वर आली होती, आणि ती उतरंड पेट्रोलमधून खपलेल्या शिशाच्या उतरंडीशी जुळत होती. येथे आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे वजनाने साधारण एक कोटी भागांत एक भाग. एवढ्याशा शिशाने फरक पडतो.

आता त्यांनी खातेवही उघडली. एका बाजूला खर्च मांडला : शिसे कमी केले तर तोच दर्जा राखण्यासाठी तेल कारखान्यांना वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर जास्त लागतील. दुसऱ्या बाजूला बचत मांडली. विषबाधा झालेल्या मुलांचे औषधपाणी आणि त्यांना वर्गात मागे पडल्यामुळे लागणारे खास शिक्षण : जवळजवळ तेवढेच, ६० कोटी. शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरामुळे स्पार्क प्लग, धुराची नळी आणि सायलेन्सर लवकर खराब होतात, तेल लवकर बदलावे लागते; तो दुरुस्तीचा खर्च वाचेल : ९० कोटींहून अधिक. इतर प्रदूषण आणि इंधनाची बचत धरून सगळी बेरीज सुमारे १९० कोटी डॉलर. मोठ्या माणसांच्या रक्तदाबावर होणारा परिणाम यात धरलेलाच नव्हता. तो धरला तर हा आकडा चौपट होत होता.

हा १९८५ सालचा अहवाल. त्यातल्या दुरुस्तीच्या ओळीवर जरा थांबा. नुसती मोटारदुरुस्तीची बचतच कारखान्यांच्या जादा खर्चाहून मोठी होती! एकाही मुलाचे एक केसही वाकडे झाले नसते तरी शिसे काढणे फायद्याचे होते. साठ वर्षे हे कोणाच्या ध्यानात का आले नाही? कारण सायलेन्सरचा खर्च गॅरेजच्या बिलात होता, मुलाचा खर्च शाळेच्या बिलात, औषधाचा बापाच्या खिशात आणि फायदा तेवढा कंपनीच्या ताळेबंदात. हे चार कागद कोणी एका टेबलावर शेजारी ठेवलेच नव्हते. ते ठेवायला रक्तातले मायक्रोग्रॅम आणि गॅलनमागचे सेंट, दोन्ही वाचता येणारी माणसे लागली. जुलै १९८५ मध्ये गॅलनमागे १.१ ग्रॅमची मर्यादा ०.५ वर आणि जानेवारी १९८६ मध्ये ०.१ वर आणली गेली. छोट्या कारखान्यांना एकदम जड जाऊ नये म्हणून, ज्याने ठरल्याहून जास्त शिसे घटवले त्याने आपली शिल्लक दुसऱ्याला विकावी, अशी सोयही होती. ही युक्ती विषविज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आले. माझ्या कॉलेजच्या दिवसांत पंपावर 'शिसेविरहित' अशी निराळी पाटी असे, ती मला चांगली आठवते. तिच्यामागे एवढे रामायण आहे हे तेव्हा कोणी शिकवले नव्हते. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथे २०२१ साली शिसेयुक्त पेट्रोल संपले.

आता एक आक्षेप घेतो, कारण तो तुमच्या मनात आला असेल आणि यायलाच हवा. मुलाच्या मेंदूची किंमत डॉलरांत मांडायची? हे हिशेबी मनाचे लक्षण नाही काय? मलाही तो ६० कोटींचा आकडा वाचताना बरे वाटत नाही. त्यात औषध आणि खास शिक्षण एवढेच धरले आहे. त्या मुलाला स्वतःला काय गमवावे लागले ते धरलेले नाही. पण असे पाहा : जो म्हणतो की याची किंमत करताच येत नाही, त्याच्या ओळीत खातेवहीवाला शून्य लिहितो आणि पुढे जातो. साठ वर्षे तेथे शून्यच होते. अपुरा आकडा हा शून्यापेक्षा बरा, मात्र तो अपुरा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक असण्यासाठीच तो विषविज्ञान शिकलेला हवा.

दुसरी एक गोष्ट तुम्ही आठवीतल्या गणितावर पडताळून पाहू शकता. चक्रवाढ व्याज उलटे चालवा. दसादशे १० दराने, चाळीस वर्षांनंतरच्या एक कोटी रुपयांची आजची किंमत किती? सुमारे २ लाख २१ हजार. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हे पहिल्याच सत्रात शिकवतात आणि यंत्र घ्यावे की न घ्यावे हे ठरवायला ते अगदी बरोबर आहे. आता अ‍ॅस्बेस्टॉस घ्या. त्याचे तंतू श्वासातून आत गेल्यावर त्यापासून होणारा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो. म्हणजे जे विष जितके सावकाश मारते तितके ते कागदावर स्वस्त दिसते! विषाचा सुप्तकाळ माहीत नसलेला व्यवस्थापक हे गणित बिनचूक करील आणि उत्तर घातक काढील. आणि व्याजाचे गणित माहीत नसलेला विषशास्त्रज्ञ त्याला बैठकीत उत्तर देऊ शकणार नाही. तो फक्त संतापेल. संतापलेल्या शास्त्रज्ञाला चहा देऊन वाटेला लावणे सोपे असते.

मात्र दोन्ही विषय शिकला की माणूस आपोआप सज्जनांच्या बाजूला उभा राहतो, असे मी म्हणत नाही. किहोंची गोष्ट मी एवढ्यासाठीच सांगितली. त्यांना विष कळत होते आणि कंपनीची गरजही कळत होती. असा माणूस विषाचा उत्तम वकीलही होऊ शकतो; 'सिद्ध करून दाखवा' हे त्याच्याइतके सफाईने कोणी म्हणू शकत नाही. म्हणून या जोडीत कोणता विषय आधी, याला महत्त्व आहे असे मला वाटते. आधी विषविज्ञान, तेही हाताने केलेले. नमुने गोळा करायचे, ते दूषित होऊ न देता मोजायचे, मोजमापातली चूक किती ते लिहायचे. अमेरिकेत १९७५ साली मुलांच्या रक्तातील शिशाचा ३० मायक्रोग्रॅम हा आकडा काळजीचा मानत. १९८५ साली २५, १९९१ साली १०, २०१२ साली ५ आणि २०२१ पासून ३.५. शिसे तेच, मुले तीच. आकडा उतरत गेला, कारण मोजणारे पुढे गेले. सुरक्षित अशी खालची पातळी आज कोणी सांगत नाही. हा उतरता जिना ज्याने स्वतः अभ्यासला, तो 'मर्यादेच्या आत आहे ना, मग झाले' असे सहजी म्हणणार नाही. व्यवस्थापन नंतर शिकता येते. चार वर्षे नोकरी करून शिकले तर जास्त कळते.

हे शिक्षण मिळते कोठे? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, आणि येल विद्यापीठातही, व्यवस्थापन आणि पर्यावरण अशा दोन पदव्युत्तर पदव्या जोडून घेता येतात. मात्र त्यांतील पर्यावरणाची बाजू फार ऐसपैस आहे. विषविज्ञान त्यात स्वतः निवडून घ्यावे लागते. आपल्याकडे रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन बी. एससी., पुढे विषविज्ञान किंवा पर्यावरणशास्त्रात एम. एससी. आणि मग एम. बी. ए., असा सरळ रस्ता आहे. लखनौला १९६५ साली स्थापन झालेली विषविज्ञान संशोधन संस्था आहे, नागपूरला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तेथील काम जाऊन पाहण्यासारखे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास परवानगी दिली आहे. पण प्रयोगशाळेतला विषय घाईने उरकता येत नाही, तेव्हा एकाच वेळी दोन्ही करण्याचा मोह टाळावा. एका आईने मला विचारले होते की शेवटी एम. बी. ए.च करायचे तर मधली दोन वर्षे विषे शिकण्यात कशाला घालवायची? मी म्हटले, 'ताई, ज्या कारखान्यात तुमची मुलगी मॅनेजर होईल, त्याच्या शेजारच्या वस्तीत तुम्हांला घर घ्यायचे आहे असे समजा.' त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. मुलीने मात्र प्रवेश घेतला.

शिक्षकांना एक काम सुचवतो. शिसे पेट्रोलमधून गेले, पण देशातून गेले नाही. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे जुन्या बॅटऱ्या. मोटारीच्या एका बॅटरीत आठ-दहा किलो शिसे असते. ते पुनःपुन्हा वापरता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नियम पाळणाऱ्या कारखान्याला भट्टीचा धूर गाळावा लागतो, आम्ल निकामी करावे लागते, कामगारांचे रक्त तपासावे लागते. उघड्यावर कढईत शिसे वितळवणाऱ्याला यांतले काहीच करावे लागत नाही, म्हणून तो जुन्या बॅटरीला जास्त भाव देऊ शकतो. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तरी बॅटरी शेवटी जास्त भाव देणाऱ्याकडेच जाऊ पाहते.

नववीच्या मुलांना गावातल्या भंगारवाल्याकडे आणि बॅटरीच्या दुकानात पाठवा आणि जुन्या बॅटरीला दोन्हीकडे काय भाव मिळतो ते विचारून आणायला सांगा. मग फळ्यावर दोन रकाने आखा : नियम पाळणारी भट्टी आणि उघडी भट्टी. प्रत्येकाचा खर्च मुलांना ओळीओळीने लिहू द्या. उघड्या भट्टीच्या रकान्यात ज्या ओळी रिकाम्या राहतील त्यांच्यापुढे, तो खर्च प्रत्यक्षात कोण भरतो आहे ते लिहायला सांगा. हा तास विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातले वाणिज्य शाखेचे प्राध्यापक यायला तयार असतील तर त्यांनाही बोलवा. फळ्याच्या उजव्या बाजूला त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवा.